दिवे घाटात तळाला गेलेलं पेडल: ४३० मिली ब्रेक ऑइलचा माग

सप्टेंबरच्या मध्यावर, रविवारी दुपारी साडेचारच्या सुमारास काकांचा फोन आला. "अरे, वडकीत उभा आहे. घाटात ब्रेक लागेना." आवाज शांत होता. पण मागे काकू कुणाकडे तरी प्यायला पाणी मागत होत्या, त्यावरून प्रसंग किती बाका होता ते लक्षात आलं.

काका बँकेतून निवृत्त झालेत, राहतात पुण्यात हडपसरला. सासवडच्या पुढे त्यांची अंजिराची छोटी बाग आहे, त्यामुळे रविवारी दिवे घाट चढायचा आणि उतरायचा हा ठरलेला कार्यक्रम. गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, ७२,००० किलोमीटर चाललेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही, क्लच केबलचा. हा शेवटचा तपशील आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळं सविस्तर लिहायचं कारण असं, की या गाडीचं ब्रेक ऑइल साडेदहा महिने कमी होत होतं, आणि तेवढ्या काळात पाच वेळा कुणी ना कुणी बॉनेट उघडून डबीत ऑइल भरलं. त्यातली एक वेळ माझ्याच गॅरेजातली आहे.

मी घाटाच्या पायथ्याच्या वडकीला पोचेपर्यंत काकांनी गाडी सपाटीला लावून चाकाखाली दगड ठेवले होते. घडलं ते असं: घाट उतरताना एका वळणावर पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. पुढच्या वळणाला जवळजवळ तळाला टेकलं. गाडी हळू झाली, पण हवी तेवढी नाही. काकांनी भराभर तीन-चार वेळा पेडल मारलं, तसं ते थोडं वर आलं. त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा हळूहळू ओढत, सोडत पायथा गाठला. इंजिन बंद केलं नाही. तिथं केलेलं सगळं बरोबर होतं. पेडल भराभर मारल्याने सर्किटमधली हवा दाबली जाते आणि थोडा जोर परत मिळतो. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही, म्हणून तो वेगळा हात असतो. आणि इंजिन बंद केलं असतं तर बूस्टरची, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची, मदत दोन-तीन दाबांत संपली असती, वर किल्ली काढली गेली असती तर स्टिअरिंगही अडकलं असतं.

"लाल दिवा लागला होता का?" मी विचारलं.

"सासवडपासूनच लागलेला. मला वाटलं हँडब्रेक पूर्ण खाली गेला नाही. दोनदा खाली करून पाहिला."

बहुतेक गाड्यांत हँडब्रेक आणि ऑइलची पातळी या दोन्हींसाठी एकच लाल दिवा असतो. हँडब्रेक खाली असूनही तो गेला नाही, तर तो ऑइलबद्दल बोलतोय. गाडी शिकवताना हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. काकांसारखा शिस्तीचा माणूससुद्धा इथं फसला.

बॉनेट उघडलं. डबीतलं ऑइल मिनच्या, म्हणजे किमान पातळीच्या, रेघेच्याही बरंच खाली होतं आणि त्याचा रंग उकळलेल्या चहासारखा झाला होता. गाडीखाली वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजू बॅटरीने पाहिल्या. टायर कोरडे, जमिनीवर थेंब नाही. काका म्हणाले, "थोडं ऑइल घाल, हळूहळू घेऊन जाऊ." मी नाही म्हणालो. ऑइल कुठून जातंय हे कळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. टो व्हॅन मागवली आणि काका-काकूंना माझ्या गाडीतून घरी सोडलं.

वहीतला हिशेब

सोमवारी सकाळी काका आले ते वही घेऊनच. पेट्रोल, किलोमीटर, हवा, पंक्चर, सगळं त्यात तारखेनिशी होतं. ब्रेक ऑइलच्या नोंदी आम्ही एका कागदावर उतरवल्या. २ नोव्हेंबरला पुढचे ब्रेक पॅड नवे टाकले, त्या वेळी रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्याने डबी मॅक्सपर्यंत भरली. १४ मार्चला वळणावर दिवा लुकलुकला, म्हणून काकांनी स्वतः ५० मिली घातलं. ८ जूनला माझ्याकडे इंजिन ऑइल बदलताना "लेव्हल केली" एवढीच नोंद. माझ्या हाताखालच्या मुलाला विचारलं, त्याच्या आठवणीप्रमाणे ७०च्या आसपास. २० जुलैला सासवडच्या एका मेकॅनिकने ८० मिली. २४ ऑगस्टला काकांनी पुन्हा १०० मिली, मॅक्सपर्यंत. आणि आता डबी मॅक्सला आणायला किती लागतं ते मोजून पाहिलं: १३० मिली.

म्हणजे नोव्हेंबरपासून ४३० मिली गायब. शेवटचे १३० तर फक्त २१ दिवसांत. सुरुवातीला साडेचार महिन्यांत ५० जात होतं.

ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं खर्च होत नाही. बंद नळ्यांत ते एका टोकाचा दाब दुसऱ्या टोकाला पोचवतं, बस. पातळी खाली जाण्याचं एकच निर्दोष कारण आहे: पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन तेवढा बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं. ते किती, हेही मोजता येतं. या गाडीचा पिस्टन ४८ मिलिमीटरचा, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ साधारण १८ चौरस सेंटिमीटर. नोव्हेंबरपासून प्रत्येक पॅड ३ मिलिमीटर झिजला होता. दोन पॅड मिळून पिस्टन ६ मिलिमीटर बाहेर आला, म्हणजे एका चाकाला जेमतेम ११ मिली, दोन्ही चाकांना मिळून २२. मागच्या ड्रमचं तर याहून कमी.

"मग चारशे मिली कुठं गेलं?" काकांनी विचारलं. कुठंतरी पाणी मुरत होतं, हे नक्की.

८ जूनच्या नोंदीवर मी बराच वेळ थांबलो. पॅड फक्त सात महिन्यांचे होते, त्यांच्या झिजेने ७० मिली कमी होणं शक्यच नव्हतं. मुलाने मला विचारलं नाही, आणि मी त्याला विचारायला शिकवलं नव्हतं. चूक माझी, हे मी काकांना तिथंच सांगितलं.

गळती शोधताना

क्लच केबलचा असल्याने एक वाट आधीच बंद झाली. बऱ्याच गाड्यांत क्लचही ऑइलवर चालतो आणि त्याची नळी याच डबीतून निघते. तिथं ब्रेकचा प्रत्येक सांधा कोरडा सापडतो आणि गळती निघते क्लचच्या सिलिंडरला, कधी पायापाशी, कधी गिअरबॉक्सच्या पोटात. अशा गाडीत ऑइल कमी झालं तर मी आधी क्लच पेडलच्या दांड्यावर बोट फिरवून पाहतो.

काकांच्या गाडीवर पहिली चाचणी नेहमीची. डबी मॅक्सपर्यंत भरली, इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवला, आणि पेडल जोराने दाबून मिनिटभर धरलं. हवेमुळे ते मऊ होतं, पण एका जागी टिकून राहिलं, खाली सरकलं नाही. अशी चाचणी पास झाली की पुष्कळ जण "मास्टर सिलिंडर ओके" म्हणून पुढे जातात. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर, आणि व्हील सिलिंडर म्हणजे ड्रममधला छोटा. मीही पूर्वी जायचो. पण मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरमधली वाटीसारखी रबरं जोराच्या दाबाने आणखी पसरतात आणि भिंतीला घट्ट बसतात. म्हातारं रबर जोरात दाबल्यावर धरतं आणि नुसतं उभं असताना पाझरतं. म्हणून मी दुसऱ्यांदा पायाच्या अंगठ्याने, अगदी हलक्या दाबाने दोन मिनिटं धरतो. या वेळी पेडल किंचित, नखभर खाली सरकलं. थोडं काहीतरी होतं, पण चारशे मिलीइतकं नव्हतं.

मग चाकं काढली. पुढची दोन्ही कॅलिपर कोरडी. रबरी होज पाइप वाकवून पाहिले तर सांध्याजवळ बारीक भेगा होत्या, गळती नव्हती. मागचा उजवा ड्रम कोरडा. मागच्या डाव्या ड्रममध्ये व्हील सिलिंडरची एका बाजूची रबरी टोपी सोलली आणि आतून ओल निघाली. लायनरचा, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या पट्टीचा, वरचा कोपरा काळा, ओशट, आणि ड्रमच्या तळाशी ओल्या धुळीचा लगदा. बाहेर टायरवर एकही ओघळ नाही, कारण जे थोडं थोडं येत होतं ते लायनरच्या भुकटीतच जिरत होतं.

हाताखालचा मुलगा खूश झाला. "दादा, सापडलं!"

सापडलं होतं, पण ताळा जुळत नव्हता. त्या ड्रममध्ये फार तर ५० मिली मुरलं असेल. त्याहून जास्त असतं तर चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ दिसले असते, मागचा ब्रेक एकीकडे ओढला असता. काकांना तसं काही जाणवलं नव्हतं. शिवाय घाटातला प्रकार मोठा होता. पहिली गळती सापडल्यावर आपलं शोधणं थांबतं, आणि या कामात सगळ्यात जास्त घात तिथंच होतो, असं माझं मत आहे. व्हील सिलिंडर बदलून, हवा काढून गाडी दिली असती तर पेडल ताठ झालं असतं, काका खूश होऊन गेले असते आणि तीन आठवड्यांनी पुन्हा घाटात अडकले असते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पावसाळ्यात हे शोधणं आणखी अवघड जातं. ब्रेक ऑइल पाण्यात सहज मिसळतं, त्यामुळे गाडीखालची सगळी खूण एका सरीत धुऊन जाते. शंका आली की मी एक साधी परीक्षा करतो: ओला डाग बोटावर घ्यायचा आणि वाटीभर पाण्यात बुडवायचा. इंजिन ऑइल असेल तर वर तरंगून रंगीत तवंग धरतं, ब्रेक ऑइल विरघळून नाहीसं होतं. एसीचं पाणी बोटाला निसरडं लागत नाही. कूलंट बहुधा हिरवं किंवा गुलाबी असतं. ब्रेक ऑइल पिवळसर, पातळ, बोटांत घेतलं तर निसरडं, आणि रंगाचं वैरी. गाडीच्या पत्र्यावर सांडून राहिलं तर रंगाला फोड येतात.

या रंगाच्या फोडांनीच शेवटी वाट दाखवली. मास्टर सिलिंडर जिथं बूस्टरला बसतो, त्या सांध्याच्या बरोबर खाली बूस्टरच्या काळ्या रंगाला दोन बोटं रुंदीचा सोललेला पट्टा होता. वरून पाहिलं तर दिसत नाही, आरसा धरावा लागतो. सांधा फडक्याने पुसला, फडका किंचित ओला झाला. मास्टर सिलिंडरचे दोन नट काढले, नळ्या न सोडता तो अलगद पुढे ओढला. त्याच्या मागच्या तोंडातून ऑइल ओघळलं. बूस्टरच्या भोकात बारीक नळी घालून मोठ्या सिरिंजने ओढायला लागलो. एक सिरिंज, दुसरी, तिसरी. मोजपात्रात २८० मिली जमलं.

काका शेजारी उभे होते. त्यांनी वहीत २८० लिहिलं, वर २२ आणि ५० लिहिले आणि बेरीज केली. ३५२. उरलेले जवळजवळ ८० कुठं गेले त्याचाही माग लागला. बूस्टरपासून इंजिनकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून आत बोट घातलं तर ओलं लागलं. थोडं ऑइल इंजिनने ओढून जाळलं होतं. काकू महिनाभर म्हणत होत्या की सकाळी गाडी सुरू केली की पांढरा धूर येतो आणि वास वेगळा असतो. पावसाळी हवा म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

पेडलने साथ का सोडली

मास्टर सिलिंडरमध्ये एकापाठोपाठ दोन पिस्टन असतात आणि दोन स्वतंत्र सर्किटं. या गाडीत ती तिरपी वाटलेली आहेत: पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरपं मागचं चाक एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक सर्किट गेलं तरी दुसरं अर्धा ब्रेक देतं. दिवे घाटात काका-काकू वाचले ते या रचनेमुळे.

गेलं होतं ते मागच्या पिस्टनचं सगळ्यात शेवटचं रबर, बूस्टरच्या बाजूचं. या रबरावर ब्रेकचा जोराचा दाब येतच नाही. त्याच्या पुढे डबीतून नुसतं उतरलेलं ऑइल असतं आणि मागे बूस्टरचा व्हॅक्यूम. म्हणून पेडल दाबून धरण्याच्या चाचणीत ते कधीच पकडलं जात नाही. इंजिन चालू असेपर्यंत व्हॅक्यूम त्या रबराच्या कडेने ऑइल ओढत राहतो, मग तुम्ही ब्रेक मारा किंवा मारू नका. आणि पेट्रोल गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून घाट उतरताना इंजिनमधला व्हॅक्यूम सगळ्यात जोरदार असतो. दर रविवारी तो उतार त्या रबराला थोडा थोडा ओढत असणार, असं मला वाटतं.

डबीच्या तळाला दोन कप्पे असतात, एकेका सर्किटला एक. ऑइल त्यांच्यामधल्या पडद्याच्या खाली गेलं की कप्पे वेगळे होतात आणि ज्याच्याकडून गळतंय तो लवकर रिकामा होतो. इथं तो मागचा कप्पा. उतारावर गाडीचं नाक खाली झालं की ऑइल पुढे सरकतं आणि मागचं भोक उघडं पडतं. मग पेडल सोडताना पिस्टन मागे येतो तो ऑइलऐवजी हवा ओढत येतो. सपाटीवर सासवड ते घाटमाथा ब्रेक बरा लागला आणि घाटात दोन वळणांत गेला, त्याचं कारण हेच.

आता रबर का गेलं? याचं उत्तर बाटलीत होतं. काका वरचेवर ज्यातून ऑइल घालायचे ती बाटली वर्षभरापूर्वी उघडलेली, अर्धी भरलेली, घराच्या बाल्कनीत ठेवलेली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या बाटलीतलं ऑइल बघता बघता पाणी धरतं. गाडीतलं ऑइल तर २०१३ पासून पूर्ण बदललेलंच नव्हतं, वहीत तशी नोंदच सापडली नाही. पाणी मोजायच्या पेनने तपासलं तर शेवटचा लाल दिवा लागला. अशा पाण्याने सिलिंडरच्या आतली गुळगुळीत भिंत गंजते, गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि रबराची ओठासारखी कडा प्रत्येक दाबाला त्यावर घासली जाते. काढलेल्या डाव्या व्हील सिलिंडरच्या आत बोट फिरवलं तेव्हा ते खड्डे नखाला लागत होते.

पाण्याचा दुसरा त्रास उष्णतेचा. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ला हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबून डिस्क तापली की पाणी धरलेलं ऑइल आत उकळून वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. काकांच्या पेडलला त्या दिवशी हवेबरोबर वाफही होती की नाही हे आता सिद्ध करता येणार नाही, पण तसं व्हायला सगळी तयारी झालेली होती.

दुरुस्ती

मास्टर सिलिंडरला रबरांचं किट मिळतं, आणि काकांनी तोच प्रश्न विचारला. आतली भिंत आरशासारखी असेल तरच किट टाकायला अर्थ आहे. खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवं रबर महिन्या-दोन महिन्यांत कापलं जातं. म्हणून पूर्ण नवा मास्टर सिलिंडर घेतला, आणि मागचे व्हील सिलिंडर दोन्ही बाजूंचे. उजवा कोरडा होता, पण वय तेच आणि ऑइलही तेच प्यायलेला. ऑइल लागलेले लायनर धुऊन किंवा भाजून वापरायचे प्रकार मी करत नाही, कारण आत मुरलेलं ऑइल तापल्यावर पुन्हा वर येतं. लायनरही दोन्ही बाजूंचे नवे, नाहीतर एक चाक जास्त धरतं आणि गाडी ओढते. भेगा पडलेले पुढचे दोन होज बदलले आणि त्यांच्या सांध्याचे तांब्याचे वॉशर नवे टाकले. हे वॉशर एकदा दाबले गेले की दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. ते वाचवायला जाऊन नवी गळती तयार केलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. स्टीलच्या पाइपच्या नटांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेलीही पाहिली आहे. तिथं सील पाइपच्या फुलवलेल्या तोंडाने होतं, आट्यांनी नाही, त्यामुळे टेपचा काही उपयोग नसतो, उलट तिचा तुकडा आत जाऊ शकतो.

बूस्टरवर आम्ही जास्त बोललो. तो आतून पुसून पुन्हा बसवता आला असता, आणि त्या दिवशी चालला असता. पण त्याच्या पोटात मोठा रबरी पडदा असतो आणि तो किती महिने ऑइलमध्ये भिजला होता हे कुणालाच माहीत नव्हतं. किंमत ऐकून काका जरा गप्प झाले. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांची गाडी असती तर काय केलं असतंस?" मी म्हणालो, "बदलला असता." बदलला.

नाना पेठेतून सामान आणायला एक दिवस गेला. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि जुन्या मास्टर सिलिंडरवर कोरलेला नंबर मी दुकानातच जुळवून घेतो.

नवा मास्टर सिलिंडर व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा आधी बाहेरच काढली, मग गाडीला बसवला. डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेलं, म्हणून सीलबंद डॉट ३, एक लिटर. सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरुवात केली. या गाडीला हाच क्रम चालतो, पण तिरपं सर्किट असलेल्या काही गाड्यांना कंपनीने वेगळा क्रम दिलेला असतो, तो पाहूनच करावं. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल तर ती काढायला बहुधा स्कॅनर लावावा लागतो, नुसत्या पाना-नळीने जमत नाही. चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. चहाचा रंग जाऊन फिकट पिवळा येईपर्यंत आणि एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत चालू ठेवलं. बाहेर आलेलं ऑइल परत डबीत घालायचं नाही. मुलाला मी पेडल तळापर्यंत आपटू नकोस असं सांगितलं होतं. नव्या सिलिंडरला त्याने काही होत नाही, पण जुन्यात रोज न वापरला जाणारा शेवटचा भाग गंजलेला असतो, तिथं रबर घासून चांगला सिलिंडरही जातो. सवय एकच ठेवलेली बरी.

मग पुन्हा त्याच चाचण्या. जोराने एक मिनिट, अंगठ्याने दोन मिनिटं: पेडल हललं नाही. बूस्टरसाठी इंजिन बंद ठेवून पाच वेळा दाबलं, शेवटच्या वेळी पाय ठेवून इंजिन सुरू केलं, पेडल किंचित खाली गेलं. तसंच जायला हवं. रात्रभर चारही चाकांखाली आणि बूस्टरच्या खाली कोरे पांढरे कागद ठेवले. डबीवर कागदी टेप चिकटवून पातळीवर बारीक रेघ मारली, तारीख घातली. सकाळी कागद कोरे आणि ऑइल रेघेवर. मग मी एकटा गाडी घेऊन दिवे घाट चढलो, वर मस्तानी तलाव दिसतो त्या वळणापाशी थांबलो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. त्यानंतर काकांना किल्ली दिली आणि ५०० किलोमीटरनंतर परत यायला सांगितलं.

पुढे काय करायचं ठरलं

काकांना मी फार थोड्या गोष्टी सांगितल्या. डबी पारदर्शक असते, झाकण न उघडता बाहेरून दर रविवारी निघण्याआधी पाहायची. झाकण उगाच उघडलं की हवा आणि ओलावा आत जातो. पातळी रेघेखाली गेली तर स्वतः भरायचं नाही, फोन करायचा. घरात उघडी बाटली ठेवायची नाही. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलायचं, गाडी किती का कमी चालेना, कारण ओलावा किलोमीटर मोजत नाही. बागेकडच्या कच्च्या रस्त्यावरचा चिखल पाइपच्या क्लिपांमागे अडकून राहतो आणि तिथं पाइप गंजतो, म्हणून पावसाळा संपला की गाडीखालून पाण्याने धुऊन घ्यायची आणि मला पाइप दाखवायचे. कुणीही, कुठल्याही गॅरेजात, इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल या डबीत घालणार नाही याकडे लक्ष ठेवायचं. खनिज तेल आत गेलं तर सगळी रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत प्रत्येक रबर बदलावं लागतं.

माझ्याकडेही बदल झाला. आता सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीत ब्रेक ऑइल कमी दिसलं तर मुलं आधी पॅडची जाडी मोजतात आणि जॉब कार्डवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितात: पॅड किती उरले, ऑइल किती कमी. दोन्ही जुळले तर ठीक, नाही जुळले तर गाडी लिफ्टवर. मास्टर सिलिंडरखाली आरसा धरायला तीन सेकंद लागतात, तो आता टूल ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात असतो. या पद्धतीने दिवाळीआधी आणखी एक गाडी पकडली गेली, ऑइलवर चालणाऱ्या क्लचची. मालकाची तक्रार फक्त "गिअर जरा जड पडतो" एवढीच होती.

काका नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले, ६४० किलोमीटर झाल्यावर. सोबत अंजिरं होती. बॉनेट उघडलं, टेपवरची रेघ आणि ऑइल एकमेकांवर होतं. काकांनी चष्मा वर करून स्वतः पाहिलं, मग वही उघडून तारखेसमोर लिहिलं: पातळी तीच, भर शून्य.